पाण्याखाली जाताना अंगावर काय असावे?



तिरोडा तालुक्यातले चोरखमारा हे गाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नागझिऱ्याच्या जंगलात शिरायचा एक रस्ता ह्या गावावरून जातो, आणि गावाचे नाव निघाले की पाठोपाठ तलावाचे नाव निघते. गोंदिया आणि भंडारा हा सगळा मुलूखच तलावांचा आणि बोड्यांचा. धानाच्या बांध्या तलावावर जगतात, ढिवरांचे डोंगे तलावावर चालतात, शिंगाडा तलावात पिकतो, धुणी तलावाच्या काठी धुतली जातात. तेव्हा इथल्या माणसाला पाणी नवे आहे असे कोण म्हणेल? तरी एक गंमत पाहा. पाण्याशी एवढी घसट असूनही, पाण्यात डोके घालून, डोळे उघडे ठेवून, खाली काय आहे ते निवांत पाहिलेली माणसे गावात बोटांवर मोजण्याइतकीच निघतील. बायामुलींत तर एखादीच.

हल्ली मात्र तशी संधी येऊ लागली आहे. शाळांच्या सहली कोकणात जातात, कुणाचा भाऊ नोकरीनिमित्त तिकडे असतो, आणि मालवण-तारकर्लीला पोचले की पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाणारी माणसे समोर दिसतात. ह्या प्रकाराला स्कूबा म्हणतात. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आपल्या नागझिऱ्यासारखेच अभयारण्य, फक्त पाण्याखालचे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, आणि पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकाच्या सोबतीने थोड्या मीटरांवर, म्हणजे उथळ पाण्यातच, ते पाहता येतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ह्याच विषयाची प्रशिक्षणसंस्थाही आहे.

आता सहलीत काय घडते ते पाहा. मासे पाहायचे म्हणून मुले पुढे सरसावतात, आणि मुली किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला आणि पिशव्या सांभाळीत बसतात. भीती वाटते म्हणून? काहींना वाटत असेल. पण विचारून पाहा, पुष्कळदा उत्तर निराळेच येईल : "घालायला काही नव्हते." गुरुजींनी आधी सांगितले नाही, घरी कुणी विचारले नाही, आणि सिनेमात दिसतात तसले तोकडे कपडे तर ती घालणारच नाही. लाजेचा प्रश्न असल्यामुळे तो मोठ्याने विचारलाही जात नाही. म्हणून आज मी टाकीबद्दल किंवा माशांबद्दल न बोलता नुसते कपड्यांबद्दलच बोलायचे ठरवले आहे.

आधी थंडीचे घेऊ. हवेत २८ अंश म्हणजे आपल्याकडे सुखाचा दिवस. पाण्यात २८ अंश म्हणजे पहिली दहा मिनिटे सुखाची, आणि पुढे हळूहळू दातावर दात. कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते. आपले अंग ३७ अंशांचे, त्याची ऊब पाणी सारखी काढून घेत असते. ऐन वैशाखात तलावात तासभर डुंबून पोरे बाहेर येतात तेव्हा वर उन्हाचा वणवा असूनही कुडकुडत असतात, ते ह्यामुळेच.

ह्या बाबतीत कोरियातल्या जेजू बेटावरच्या बायकांची हकीगत सांगण्यासारखी आहे. त्या पिढ्यान्‌पिढ्या श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात आणि शंखशिंपले, शेवाळ काढून आणतात. त्यांना हेन्यो म्हणतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या परंपरेची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. १९७०च्या दशकापर्यंत ह्या बायकांच्या अंगावर साधा सुती कपडा असे. हिवाळ्यातल्या गार पाण्यात त्या थोडाच वेळ टिकत आणि मग काठावर शेकोटीशी येऊन बसत. शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा असे आढळले की, थंडीला तोंड देता देता त्यांच्या शरीरातली आच इतर बायकांपेक्षा वाढलेली आहे. पुढे रबरी पोशाख आला. त्या तासन्‌तास पाण्यात राहू लागल्या, आणि काही वर्षांतच शरीराची ती जादा आच नाहीशी झाली! जे काम अंग करीत होते ते कपड्याने आपल्याकडे घेतले.

हा रबरी पोशाख निओप्रीन नावाच्या रबराचा असतो. १९५२च्या सुमारास कॅलिफोर्नियातले पदार्थविज्ञानाचे एक शास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी तो काढला. आपल्याला वाटेल की हा पोशाख पाणी आत येऊ देत नसेल. तसे नाही. पाणी आत येते, पण थोडे येते आणि तिथेच अडकून अंगाच्या उबेने तापते. रबरात असंख्य बारीक बुडबुडे असतात, ते गोधडीतल्या हवेसारखे काम करतात. ह्यावरून एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. पोशाख अंगाला घट्ट बसला पाहिजे. सैल असला तर प्रत्येक हालचालीबरोबर ऊन झालेले पाणी बाहेर आणि गार पाणी आत, म्हणजे घातला न घातला सारखाच. मालवणला पोशाख तिथलेच लोक देतात. गर्दीच्या दिवसांत देणारा घाईत असतो, हाताला येईल तो माप न पाहता पुढे करतो. तुम्ही घाई करू नका. मनगट, घोटा, पाठीचा खळगा इथे पोकळी राहते का पाहा. मात्र गळ्याशी श्वास कोंडेल इतका घट्ट नको. जाडी तीन मिलिमीटर असली तरी आपल्या समुद्राला पुरते. आणि हो, चेन पाठीवर येते. पहिल्यांदा घालणारे निम्मे लोक ती पोटावर घेतात आणि मग सगळा खटाटोप पुन्हा करतात.

ह्या पोशाखाचे दोन प्रकार असतात, एक गुडघ्यापर्यंतचा आणि एक पूर्ण, मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा. पूर्ण मागून घ्यावा. ऊन, खडकाची खरचट आणि पाण्यात तरंगणारे दाहक जीव ह्यांपासूनही तो वाचवतो. आखाती देशांतले मोती काढणारे पाणबुडे रबर येण्याच्या कितीतरी आधी ह्या दाहक जीवांसाठी पातळ सुती अंगरखा घालून उतरत असत. तेव्हा अंगभर कपडा घालून बुडी मारणे ही काही खेडवळपणाची गोष्ट नव्हे. जाणते पाणबुडे तेच करीत आले आहेत. आपल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना हे जरूर सांगा.

पोशाखाच्या आत काय घालावे? अंगाला चिकटून बसणारे, लवकर वाळणारे. मुलांनी पोहण्याची चड्डी, मुलींनी घट्ट लेगिंग आणि वर पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा, दोन्ही नायलॉन किंवा पॉलिस्टरचे. त्यासाठी नवे काही विकत घ्यायलाच पाहिजे असे नाही, शाळेच्या कबड्डी संघाचा बनियन आणि चड्डी पुष्कळदा नेमक्या ह्याच कापडाची असते. जाड शिवण, धातूची बटणे, मोठे खिसे नकोत, कारण रबराखाली ती अंगात रुततात.

आता सुती कपड्याचे. "कपडा भिजला की जड होतो आणि माणसाला तळाशी ओढतो," असे आपण सगळेच म्हणतो. हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे शिक्षकांनी वर्गात दाखवावे असे आहे. शाळेच्या प्रयोगपेटीत ताणकाटा असतो. त्याला कोरडा गमछा अडकवा आणि वजन लिहून घ्या. मग तो चिंब भिजवून, न पिळता पुन्हा वजन करा. काटा केवढी उडी मारतो ते मुलांना वाचू द्या. आता तोच गमछा काट्याला लटकलेला असतानाच बादलीतल्या पाण्यात पुरता बुडवा. काटा एकदम परत फिरेल आणि कोरड्या वजनाच्याही खाली येईल. पाण्यात भिजलेल्या पाण्याला वजन नाही. सुताचे तेवढे उरते, आणि तेही कोरड्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकेच. आर्किमिडीजचा नियम फळ्यावर लिहून जेवढा कळत नाही तेवढा गमछ्याने कळतो.

मग सुती लुगड्यात बाई बुडते ती कशाने? एक तर कापड पाय मारू देत नाही. आधी त्यात हवा भरते आणि ते फुग्यासारखे वर येते, मग हवा निघून गेली की पायांना वेढे घालते. आणि दुसरे, काठ हाताशी आल्यावर. दमलेली बाई पायरी धरून अंग वर उचलते, कपडा पाण्याबाहेर येतो आणि मघाशी नाहीसे झालेले सगळे वजन एकदम परत येते. पायरी शेवाळलेली, हात थकलेले. कितीतरी वेळा घात होतो तो तळाशी होत नाही, काठाच्या हातभर अलीकडे होतो. म्हणून पाण्यातून निघताना भिजलेल्या माणसाला कपड्याला धरून वर खेचू नये. खांद्याखाली आधार द्यावा, आणि कपड्यातले पाणी निथळू द्यावे.

ह्यातूनच पुढची गोष्ट येते. अंगावर सुटे आणि लोंबते काही नको. ओढणी अजिबात नको, गळ्यात नको आणि कमरेलाही नको. घेरदार सलवार नको, लांब नाडी नको. आपल्या आजोबांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवून टाकला होता. करदोड्यात खोचलेला लंगोट लोंबत नाही, अडकत नाही, पाणी धरून ठेवत नाही. कोकणातल्या कोळ्यांचा सुरका त्याच कुळातला. पुरुषांना ही सोय मिळाली, बायकांना कुणी काही शोधून दिले नाही. कासोट्याचे लुगडे निदान पाय मोकळे ठेवी, गोल पातळ नेसण्याची चाल पडली तेव्हा तेही गेले. रोज घाटावर जाणाऱ्या बाईला पोहता का येत नाही, ह्याची पुष्कळ कारणे सांगतात, पण पोहायला शिकताना घालायचे काय, ह्या साध्या गोष्टीपाशी किती जणींचे अडले असेल ह्याचा विचार कुणी करीत नाही.

दागिन्यांबद्दल थोडे बोलतो, कारण इथे मने दुखावतात. बांगड्या, अंगठ्या, पैंजण, कानातले लोंबते डूल काढून ठेवावेत. गार पाण्यात बोटे आखडतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही. लांब मंगळसूत्र टाकीच्या पट्ट्यात अडकते. ते काढायचे नसेल तर पोशाखाच्या आत, गळ्यालगत, काळ्या पोतीचा आखूड सर चालतो, कुणाची हरकत नसते. केसांची घट्ट वेणी घालावी, पिना आणि आकडे नकोत. आणि त्या दिवशी चेहऱ्याला तेल लावू नये, मास्क घसरतो.

ह्या मास्कविषयी मला जरा सविस्तर सांगायचे आहे, कारण पहिली बुडी फसते ती बहुधा त्याच्यामुळे. मास्क म्हणजे डोळे आणि नाक दोन्ही झाकणारा मोठा चष्मा. आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. पाणी थेट त्याला भिडले की सगळे धुरकट होते. मध्ये हवेचा थर ठेवला की स्वच्छ दिसते, फक्त प्रत्येक वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठी दिसते आणि जवळही वाटते. परत आलेला माणूस माशाची लांबी हात पसरून सांगू लागला की त्यातून चौथाई वजा करावी.

पोहण्याच्या तलावात वापरतात तो छोटा चष्मा का चालत नाही? कारण त्यात नाक बाहेर राहते. दहा मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, पण कानाला आणि डोळ्याला तो पहिल्या दोन-तीन मीटरांतच जाणवू लागतो. मास्कमधल्या हवेचा दाब नाकाने किंचित हवा सोडून सारखा करता येतो. छोट्या चष्म्यात ती सोय नाही, तो डोळ्यांवर सुंबडीसारखा ओढला जातो. कानांसाठी नाक चिमटीत धरून हलके फुंकायचे. दुखण्याच्या आधीच फुंकायचे, आणि तरीही दुखले तर थोडे वर यायचे. सोसायचे नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नये. दमा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. दहा वर्षांखालच्या मुलांना टाकी लावून समुद्रात नेत नाहीत, हा आंतरराष्ट्रीय प्रशिक्षणसंस्थांचा सर्वसाधारण नियम आहे.

मास्क बसतो की नाही ते पाहण्याची युक्ती सोपी आहे. पट्टा डोक्यामागे न घेता तो नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा मागा. पट्टा आवळून गळती थांबत नाही, उलट कडा वाकून वाढते. कपाळावरची एक बट जरी कडेखाली आली तरी पाणी शिरते. भरघोस मिशा ठेवणाऱ्या गुरुजींनाही हा त्रास होतो, त्यांनी मास्क मिशीच्या वर नीट बसतो का हे किनाऱ्यावरच पाहावे. चष्मेवाल्यांची अडचण निराळी. चष्म्याच्या काड्यांवरून मास्क बसत नाही. नंबराची काच असलेले मास्क असतात, पण ते आधी मागावे लागतात. नंबर थोडा असेल तर पाणी स्वतःच सगळे मोठे करून दाखवते, तेवढ्यावर भागते.

रबरी पोशाख माणसाला तरंगत ठेवतो, म्हणून खाली जाण्यासाठी शिशाची वजने द्यावी लागतात, बहुधा कमरेच्या पट्ट्यात ओवलेली. हा पट्टा सगळ्यात शेवटी, सगळ्याच्या वरून बांधायचा असतो, कारण गरज पडली तर तो एका हाताने आणि सगळ्यात आधी सुटला पाहिजे. त्यावर कुठलाही कपडा, गाठ, पिशवी येता कामा नये. ओढणीला मघाशी एवढा विरोध केला त्याचे हेही एक कारण.

हे ऐकून कुणी उद्या सकाळी चोरखमाऱ्याच्या तलावात बुड्या मारायला निघत असेल तर थांबावे. समुद्रात दिसते तसे इथे दिसत नाही. गाळाने पाणी गढूळ असते, खाली कमळाचे देठ, शिंगाड्याच्या वेली, बुडालेले खुंट आणि तुटक्या जाळ्यांचे नायलॉनचे दोर असतात. पाटाला पाणी सोडण्याच्या दाराजवळ ओढ असते. जंगलाच्या बाजूला तर आपल्या मर्जीने जाताच येत नाही. सराव करायचाच तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या जलतरण तलावात करावा, नाहीतर काठाशी, कमरेइतक्या पाण्यात, पोहणारा मोठा माणूस हाताच्या अंतरावर उभा करून, नुसते तोंड बुडवून पाहण्याइतका. तेव्हा अंगात पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा आणि पायांत जुने कापडी बूट असावेत. शिंगाड्याचा वाळलेला काटा ज्याच्या टाचेत एकदा गेला आहे त्याला कारण विचारावे लागणार नाही.

आणि रंग. हे शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे. निळा, पांढरा, हिरवा आणि खाकी हे रंग पाण्यात लवकर हरवतात. आपल्या कित्येक शाळांचा गणवेश नेमका निळा-पांढरा असतो! काठावरून मुले मोजायची तर अंगावर झगझगीत नारिंगी किंवा पिवळा असावा. तांबडा हवेत उठून दिसतो, पण समुद्रातही पाच मीटरांच्या आसपास तो काळपट पडतो, म्हणून त्याचा भरवसा धरू नये.

कपड्याविरुद्ध इतके बोललो, आता त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. २०२० साली तामिळनाडूत पेरंबलूर जिल्ह्यातल्या कोट्टराई धरणात चार तरुण खोल पाण्यात सापडले. काठावर तीन बायका होत्या. त्यांनी क्षणाचाही विचार न करता अंगावरची लुगडी सोडली आणि टोक धरून पाण्यात फेकली. दोघे तरुण ती धरून वाचले, दोघे गेले. लांब कापड हा उत्तम दोर आहे, मात्र ते टाकणाऱ्याने काठावरच राहिले पाहिजे. आपल्या गावातल्या बुडण्याच्या घटनांत एकाला काढायला गेलेला दुसराही जातो. गमछा, धोतर, लुगडे, जे हाताशी असेल ते फेकावे, दोन जोडून गाठ मारावी, आडवे झोपून धरावे. हा सराव शाळेच्या मैदानात कोरड्या जमिनीवर अर्ध्या तासात होतो.

सहलीला नेणाऱ्या गुरुजींनी आणि बाईंनी निघण्याच्या पंधरा दिवस आधी घरी चिठ्ठी पाठवावी. तीत लिहावे : घट्ट, लवकर वाळणाऱ्या कापडाचा एक जोड, कोरडे कपडे, गमछा, आणि एक स्वेटर. स्वेटर ह्यासाठी की ओल्या अंगाला खरी थंडी पाण्यात वाजत नाही, परतीच्या होडीत वाऱ्यावर वाजते. ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी. ओढणी, दागिने घरी ठेवावेत. आणि त्याखाली हेही लिहावे की तिथे अंगभर झाकणारा पोशाख मिळतो, तो बदलायला आडोशाची खोली आहे का ते आम्ही आधी विचारून ठेवले आहे, आणि मुलींबरोबर बाई असतील. ही शेवटची ओळ आईसाठी आहे. ती ठळक अक्षरात लिहावी.